मशिन सिन्नरला, जहाज न्हावा शेवाला: बीएलवर नेमकं काय लिहायचं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे समजण्यात चूक झाली असेल तर लगेच सांगता येईल. सिन्नरजवळ माळेगाव एमआयडीसीत तुमचं जॉबवर्कचं छोटं युनिट आहे. तैवानहून एक वापरलेलं व्हीएमसी, म्हणजे धातू कापणारं संगणकी मशिनिंग सेंटर, घ्यायचं ठरतंय, २०१४ सालचं. सप्लायरनं प्रोफॉर्मा (कच्चं बिल) पाठवून विचारलंय की बीएलवर, म्हणजे माल घेतल्याच्या जहाज कंपनीच्या कागदावर, पोर्ट ऑफ डिस्चार्ज (माल उतरायचं बंदर) काय टाकू आणि प्लेस ऑफ डिलिव्हरी (माल सोपवायची जागा) काय टाकू. एक एजंट म्हणतो, न्हावा शेवा. दुसरा म्हणतो, जानोरीच्या आयसीडीपर्यंत, म्हणजे नाशिकजवळच्या कस्टम्सच्या कंटेनर डेपोपर्यंत आणा, घराजवळ काम होईल, ड्यूटी कमी बसेल आणि तिथे आपली ओळख आहे. शिवाय पैसे पाठवण्याआधी तुम्ही स्वतः मशिन बघायला जाणार आहात, तर येताना काही टूल होल्डर आणि दोन सर्वो कार्डं बॅगेतून आणली तर चालतील का, हेही विचारलंय.

मी २००३ पासून कस्टम्स क्लिअरन्सच्या कामात आहे. न्हावा शेवाला एच कार्डावर, म्हणजे कस्टम्स ब्रोकरची मदतनीस म्हणून लागले, परीक्षा देऊन वरचं जी कार्ड घेतलं आणि आता बरीच वर्षं नाशकात बसून अंबड, सातपूर, सिन्नर, दिंडोरीच्या युनिटांचा माल सोडवते. माझ्याकडे येणारे निम्मे लोक बीएल बनून गेल्यावर येतात, तेव्हा हातात फार काही उरलेलं नसतं. तुम्ही आधी विचारलंत याचा मला खरंच आनंद आहे.

पहिल्यांदा ड्यूटीचं. ड्यूटी न्हावा शेवाला भरा, जानोरीला भरा, चेन्नईला भरा, दर एकच. तो मालाच्या टॅरिफ हेडिंगवर, म्हणजे करसूचीतल्या वर्गावर ठरतो, बंदरावर नाही. तुमच्या मशिनिंग सेंटरला बेसिक ड्यूटी साडेसात टक्के, त्या ड्यूटीवर दहा टक्के सोशल वेल्फेअर सरचार्ज, आणि हे सगळं मिळून होणाऱ्या रकमेवर १८ टक्के आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी). हिशेब केला की एकूण २७.७३५ टक्के येतं. समजा मशिनचं सीआयएफ मूल्य (किंमत, जहाजभाडं आणि विमा मिळून) २० लाख रुपये धरलं गेलं, तर ड्यूटी ५ लाख ५४ हजार ७०० रुपये. त्यातले ३ लाख ८९ हजार ७०० आयजीएसटीचे, त्याचं क्रेडिट तुम्हाला मिळतं. म्हणजे खरा खर्च १ लाख ६५ हजार. ही रक्कम कुठल्याही गेटावर बदलत नाही. कोणी ‘तिथून आणलं तर कमी बसेल’ म्हणत असेल, तर तो एकतर मूल्य कमी दाखवायचं म्हणतोय किंवा हेडिंग बदलायचं म्हणतोय. दोन्हीचा शेवट माल जप्त होण्यात आणि दंडात होऊ शकतो, आणि आयातदार म्हणून सही तुमची असते. २०११ पासून आपल्याकडे सेल्फ असेसमेंट आहे, म्हणजे ड्यूटीचा हिशेब आयातदारच मांडतो. बिल ऑफ एंट्रीत, म्हणजे माल सोडवण्यासाठी कस्टम्सकडे भरायच्या अर्जात, लिहिलेल्या प्रत्येक आकड्याची जबाबदारी आयातदाराची.

‘ओळखी’चंही तसंच. ३१ ऑक्टोबर २०२० पासून देशभर फेसलेस असेसमेंट लागू आहे. तुमचं बिल ऑफ एंट्री न्हावा शेवाचं असलं तरी ते तपासणारा अधिकारी दुसऱ्याच शहरात बसलेला असू शकतो. तो प्रश्न विचारतो तेही सिस्टिमवर, उत्तर जातं तेही सिस्टिमवर. माल प्रत्यक्ष बघण्याचं काम तेवढं माल जिथे आहे तिथे होतं.

आता मुद्द्यावर येते. बंदर निवडताना माझा पहिला प्रश्न असा असतो: हा माल कोणाकोणाला बघावा लागणार आहे आणि ती माणसं कुठे बसतात? किलोमीटर मी त्यानंतर मोजते.

देशात माल कुठूनही आणता येत नाही. कस्टम्स ॲक्ट १९६२च्या कलम ७ खाली केंद्राचं अप्रत्यक्ष कर आणि सीमाशुल्क मंडळ ठरावीक जागा अधिसूचित करतं. समुद्री बंदरं, विमानतळ, जमिनीवरची सीमाशुल्क ठाणी, आतल्या भागातले आयसीडी, परदेशी टपाल कार्यालयं, कुरियर टर्मिनल. कलम २९ सांगतं की परदेशातून येणारं जहाज किंवा विमान अशा अधिसूचित जागीच उतरलं पाहिजे. पण अधिसूचना झाली म्हणजे तिथे सगळा माल उतरवता येतो असं नाही. काही माल ठरावीक बंदरांतूनच येऊ शकतो, कारण तो तपासायची साधनं आणि माणसं तिथेच आहेत. न कापलेला लोखंडी भंगार रेडिएशन मोजणारी यंत्रणा असलेल्या नेमून दिलेल्या बंदरांतूनच येतो. औषधं ड्रग्ज रूल्समध्ये नाव असलेल्या ठिकाणांतूनच. नवीन गाड्यांसाठी बंदरांची वेगळी यादी आहे. रोपं, कलमं, बियाणं प्लांट क्वारंटाइनच्या २००३च्या आदेशात दिलेल्या ठिकाणांतूनच. आपल्याकडच्या द्राक्ष बागायतदारांना हे चांगलं ठाऊक असतं. बाहेरच्या वाणाच्या काड्या आणायच्या तर आधी इंपोर्ट परमिट, मग ठरलेलं प्रवेशठिकाण, आणि लागवडीनंतरही काही काळ देखरेख. एका किडीची किंमत अख्ख्या पट्ट्याला मोजावी लागते, म्हणून दार अरुंद ठेवलंय, आणि ते तसं ठेवलंय हे बरोबर आहे असं मला मनापासून वाटतं.

तुमचं व्हीएमसी या याद्यांत नाही. कायद्याप्रमाणे तुम्हाला दोन्ही पर्याय खुले आहेत. तरी मी न्हावा शेवा म्हणेन. का, ते सांगते.

आयसीडी म्हणजे काय, ते आधी. कंटेनर जहाजातून न्हावा शेवालाच उतरतो, नाशकाला समुद्र नाही. तिथे तो उघडत नाहीत. ट्रान्सशिपमेंटच्या परवानगीवर, सील न तोडता, बाँडखाली (हमीपत्रावर) आयसीडीपर्यंत आणतात आणि क्लिअरन्स आयसीडीत होतो. कागदावर तुमचा माल देशात ‘आत’ येतो तो आयसीडीच्या दारातून. ही सोय फार चांगली आहे, पण ज्याचा माल ठरावीक आहे त्याला. महिन्याला आठ-दहा कंटेनर एकाच प्रकारचा कच्चा माल आणणारा, कारखाना ओझर-दिंडोरीच्या बाजूला असलेला, त्याला मी स्वतः आयसीडी सुचवते. माणूस रोज तिथे जाऊ शकतो, गाडी दुपारी कारखान्यात लागते.

तुमची गोष्ट वेगळी आहे. एकच मशिन, तेही वापरलेलं, आणि युनिट सिन्नरला. नकाशा डोळ्यांसमोर आणा. जानोरी नाशिकच्या उत्तरेला, सिन्नर दक्षिणेला. कंटेनर घाट चढून नाशिक ओलांडून जानोरीला जाणार, सुटल्यावर पुन्हा उलटा सिन्नरला येणार, आणि रिकामा कंटेनर शेवटी लायनर (जहाज कंपनी) सांगेल त्या एमटी यार्डात परत. न्हावा शेवाला सोडवलं तर ट्रेलर सरळ माळेगावला येतो. ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा समृद्धीचा शेवटचा टप्पा उघडल्यापासून कसारा घाटातली रांगही टाळता येते.

त्याहून मोठं कारण म्हणजे मशिन वापरलेलं आहे. नव्या मशिनचं मूल्य इन्व्हॉइसवरून समजतं. वापरलेल्या मशिनचं इन्व्हॉइस कोणी डोळे झाकून घेत नाही. ते कोणत्या वर्षी बनलं, तेव्हा नवं केवढ्याला होतं, किती चाललंय, अजून किती चालेल, दुरुस्ती झाली का, हे चार्टर्ड इंजिनिअर सांगतो. ज्या देशातून माल निघतो तिथल्या मान्य संस्थेचा तपासणी अहवाल आधीच घेतला तर उत्तम. नसेल तर इथे कस्टम्सच्या यादीवरचा चार्टर्ड इंजिनिअर येऊन बघतो. म्हणजे आधी तपासणी, मग मूल्य, मग ड्यूटी. आमच्याकडे याला फर्स्ट चेक म्हणतात. न्हावा शेवाला वापरलेली मशिनं सतत येतात, त्यामुळे हा माणूस दुसऱ्या दिवशी उभा राहतो. जिथे असा माल क्वचित येतो तिथे त्याच माणसाला मुंबईहून बोलवावं लागतं, आणि तो येईपर्यंत कंटेनरचं भाडं चालू राहतं.

तपासणी कशी होते ते सांगते, कारण लोकांना वाटतं हे सगळं कागदावरच असतं. सीएफएसच्या, म्हणजे बंदराजवळच्या कंटेनर यार्डाच्या, शेडसमोर कंटेनर ठेवतात. आधी बोल्ट सीलचा नंबर बीएलवरच्या नंबराशी ताडतात. तो जुळला की कटरनं सील तोडायचं. दार उघडलं की गंजरोधक तेलाचा आणि दमट लाकडाचा वास येतो. अधिकारी आणि इंजिनिअर आत चढतात, टॉर्च पाडतात, आणि पहिल्यांदा शोधतात ती नेमप्लेट. बोटाच्या लांबीचा पत्रा असतो: मॉडेल, सिरियल नंबर, उत्पादनाचं वर्ष. तो फडक्यानं पुसून त्याचा फोटो घेतात. मग कंट्रोलरच्या मागचा स्टिकर, स्पिंडल मोटरची प्लेट, यांच्यावरची वर्षं एकमेकांशी जुळतात का ते बघतात. सप्लायरनं मशिन रंगवून चकाचक केलेलं असेल आणि नेमप्लेटवरही रंग फासला असेल, तर तिथेच संशय सुरू होतो. माझ्या एका पार्टीच्या लेथवर असंच झालं होतं. थिनर लावून, नखानं खरवडून वर्ष वाचलं, ते इन्व्हॉइसपेक्षा तीन वर्षांनी नवीन निघालं. सप्लायरचा हेतू काय होता देव जाणे, पण मूल्य वाढलं, खुलासे लिहावे लागले आणि दोन आठवडे गेले. तुम्ही तैवानला जाल तेव्हा पहिलं काम हे करा: नेमप्लेटचा स्वच्छ फोटो घ्या, आणि पॅकिंगआधी तिच्यावर रंग येणार नाही हे सांगून या.

तिथे गेलात की आणखी एक गोष्ट बघा, ती म्हणजे लाकूड. मशिन ज्या लाकडी स्किडवर बोल्ट करतात आणि आत जे ओंडके ठोकतात, ते आयएसपीएम-१५ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे प्रक्रिया केलेले असायला लागतात. लाकडावर डागलेला शिक्का असतो. डाव्या बाजूला गव्हाच्या लोंबीसारखं चिन्ह आणि आयपीपीसी ही अक्षरं, उजवीकडे देशाचा कोड, कारखान्याचा नंबर आणि शेवटी एचटी, म्हणजे उष्णतेनं प्रक्रिया केलेलं. हा शिक्का नसेल तर प्लांट क्वारंटाइनचे लोक माल थांबवतात. इथे ट्रीटमेंट करून घ्यावी लागते, वर खर्च, वर दिवस. एकदा स्किडवर शिक्के होते, पण मशिन हलू नये म्हणून लोडिंगवाल्यानं ऐन वेळी चार साधी लाकडं पाचरीसारखी ठोकली होती. त्या चार तुकड्यांनी सहा दिवस खाल्ले. इथल्या वाइनरीज फ्रान्सहून ओकची पिंपं मागवतात तेव्हा त्यांनाही हीच धास्ती असते. पिंपांना या नियमातून सूट आहे, कारण ती बनवतानाच भाजलेली असतात. पण पिंपाखालच्या पॅलेटला सूट नाही, आणि अडकतात ते पॅलेटवरच.

आता बीएलकडे वळते, कारण तुमचा मूळ प्रश्न तोच होता. तुम्हाला वाटत असेल की जहाज आलं की ठरवू, इथे सोडवायचं की नाशकात. तसं होत नाही. जहाज येण्याआधी लायनर आयजीएम भरतो, म्हणजे कोणत्या कंटेनरमध्ये कोणाचा काय माल आहे याची यादी. ती बीएलवरून बनते. बीएलवर प्लेस ऑफ डिलिव्हरी म्हणून आयसीडीचं नाव असेल तर तुमचा कंटेनर यादीत ट्रान्सशिपमेंटचा म्हणून जातो. मग न्हावा शेवाला त्याचं बिल ऑफ एंट्री सरळ लागत नाही.

माझ्याकडे अंबडचे एक गृहस्थ आले होते. त्यांच्या सप्लायरनं पत्त्यात नाशिक वाचलं आणि आपल्या मनानं प्लेस ऑफ डिलिव्हरीत नाशिक टाकलं. यांना माल न्हावा शेवालाच सोडवायचा होता, पैसे भरायची तयारी होती, सगळं होतं. पण आयजीएम दुरुस्त करायचा तर लायनरचं पत्र, त्याआधी फॉरवर्डरचं (वाहतूक ठरवणाऱ्या एजंटचं) पत्र, त्याआधी तिकडच्या शिपरची (माल पाठवणाऱ्याची) संमती, आणि मधे तिकडची सुट्टी. अकरा दिवस कंटेनर उभा राहिला. चूक एका शब्दाची. त्या दिवसापासून मी प्रत्येक पार्टीला सांगते की जहाज निघण्याआधी ड्राफ्ट बीएल मला पाठवा, रात्री अकराला आला तरी पाठवा.

उभ्या कंटेनरचा खर्च दोन-तीन खिशांतून जातो, हे माहीत असू द्या. कंटेनर लायनरचा, त्यांचे मोफत दिवस संपले की डिटेन्शन, तेही डॉलरमध्ये. जागा सीएफएसची, त्यांचा ग्राउंड रेंट. आणि बिल ऑफ एंट्री उशिरा भरलं तर कस्टम्सचा आकार. जहाज पोचण्याच्या आदल्या दिवसापर्यंत ते भरलेलं असलं पाहिजे, सुट्टी असली तरी. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५ हजार, पुढे रोज १० हजार. जहाज येण्याच्या ३० दिवस आधीपासून भरता येतं, त्यामुळे वाट बघायचं कारणच नाही. माल ३० दिवसांत सोडवला नाही तर कलम ४८ खाली तो विकायची कारवाईही सुरू होऊ शकते.

इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. तुमच्या शेडचं फाउंडेशन ओलं आहे, वीज जोडणी आली नाही, किंवा ड्यूटीचे पैसे हातात नाहीत, तर माल सीएफएसमध्ये कुजवू नका. बाँडेड वेअरहाउसमध्ये टाकता येतो. ड्यूटीच्या तिप्पट रकमेचा बाँड लिहून द्यायचा, ड्यूटी नंतर बाहेर काढताना भरायची. ९० दिवसांपर्यंत व्याज नाही, पुढे १५ टक्क्यांनी. वेअरहाउसचं भाडं लागतं, पण डिटेन्शनपेक्षा खूप स्वस्त. तुम्ही फाउंडेशनबद्दल काही लिहिलं नाहीये, म्हणून सांगून ठेवते.

ईपीसीजीचा विचार मनात असेल तर सोडून द्या. निर्यातीच्या बदल्यात ड्यूटी माफ करणारी ही योजना वापरलेल्या मशिनला लागू नाही. याउलट एक गोष्ट नक्की तपासा. यंत्रांच्या सुरक्षिततेसाठी बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) प्रमाणपत्राची अट घालणारा सरकारचा २०२४चा आदेश आहे आणि धातू कापणारी मशिनं त्याच्या कक्षेत येतात. त्याच्या अंमलबजावणीची तारीख पुढे ढकलली गेली आहे. तुमच्या हेडिंगला आणि तुमच्या शिपमेंटच्या तारखेला तो लागू होतो का, हे पैसे पाठवण्याआधी तुमच्या ब्रोकरकडून लेखी घ्या. तोंडी नको.

नाशकातल्या लोकांना एक प्रश्न हमखास पडतो, तुमच्याही प्रश्नात तो दडलेला दिसला. द्राक्षांचा रीफर (थंड ठेवणारा कंटेनर) इथेच पॅकहाउसला भरतात, इथेच तपासतात, इथेच सील करतात आणि तो तडक बंदरावर जातो. मग आयातीत सगळं तिकडेच का? कारण निर्यातीत माल भरताना आपल्या डोळ्यांसमोर असतो. आत काय आहे ते सील लावणाऱ्याला माहीत असतं. आयातीत सील लावणारा परका असतो, त्यामुळे पहिल्या दारातच बघायचा आग्रह धरला जातो. युरोपातलं बंदरही आपल्या द्राक्षांकडे असंच बघतं. २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशावरून आपले कंटेनर तिकडे अडकले, तेव्हा इथलं सील शाबूत होतं, इथले कागद पूर्ण होते, पण दार त्यांचं होतं आणि मोजायचं माप त्यांचं होतं. त्या वर्षी कर्जात गेलेली घरं मी पाहिली आहेत. १४ सप्टेंबर २०२० ला कांद्याची निर्यात एका दिवसात बंद झाली तेव्हा बांगलादेशाच्या सीमेवर कांद्याचे ट्रक रांगेत सडत उभे राहिले. रस्ता तोच, गेट तेच, फक्त गेटावरचा नियम बदलला होता. प्रवेशाच्या जागा अशाच असतात. नियम कोणत्या घडीला तुमच्या मालाला लागतो, हे तिथे पोचल्यावर कळून उपयोग नसतो.

माझ्या घरून ऑफिसला जाताना पांडवलेणी दिसतात. तिथल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्यात शूर्पारक, भरुकच्छ अशी नावं येतात, म्हणजे आजचं नालासोपारा आणि भडोच. आणि वाटेतल्या नद्यांवर, दमण, तापी, डहाणू अशा ठिकाणी, त्यानं नावेची फुकट सोय करून दिल्याचं लिहिलंय. दोन हजार वर्षांपूर्वीही नाशिक बंदरामागच्या वाटेवरचंच गाव होतं आणि माल पुढे सरकण्यात काय अडतं ते त्या माणसाला कळत होतं. मला तो लेख फार जवळचा वाटतो.

आता तुमच्या बॅगेचं. विमानतळावर तुम्हाला दोन वेगळे विभाग भेटतात आणि लोक ते एकच समजतात. आधी इमिग्रेशन. ते माणूस बघतं, पासपोर्ट, व्हिसा. पट्ट्यावरून बॅगा घेतल्यानंतर कस्टम्स. ते सामान बघतं. इमिग्रेशनचा शिक्का बसला म्हणजे सामान सुटलं असं नाही. टूल होल्डर आणि सर्वो कार्डं ही धंद्याची वस्तू आहे, तुमचं वैयक्तिक सामान नाही, त्यामुळे बॅगेजमधली सवलत तिला लागू होत नाही. रेड चॅनलला जाऊन जाहीर करावी लागेल, ड्यूटी भरावी लागेल, आणि बिल ऑफ एंट्री नसल्यामुळे आयजीएसटीचं क्रेडिटही मिळणार नाही. ती घेऊन ग्रीन चॅनलमधून निघणं म्हणजे ‘माझ्याकडे ड्यूटी लागणारं काही नाही’ असं सांगणं. पकडलं गेलं तर माल जातो, दंड होतो, आणि तुमच्या नावाची नोंद राहते. ती नोंद पुढे तुमच्या मशिनच्या बिल ऑफ एंट्रीलाही नडू शकते.

त्यापेक्षा होल्डर आणि कार्डं मशिनच्याच इन्व्हॉइसमध्ये वेगळ्या ओळीत, वेगळ्या किमतीसह दाखवून त्याच कंटेनरमधून आणा. घाईचं असेल तर कुरियरनं मागवा, मुंबईच्या कुरियर टर्मिनलला आयईसीवर (आयात-निर्यात कोडवर) रीतसर सुटतं. आयईसी म्हणजे आता तुमचा पॅन नंबरच. काढला नसेल तर आजच काढा, ५०० रुपये फी आहे, आणि दरवर्षी एप्रिल ते जून या काळात तो अपडेट करायला विसरू नका, नाहीतर तो बंद पडतो.

मशिन बसवायला तिकडून इंजिनिअर येणार असेल तर त्याला टुरिस्ट व्हिसावर बोलावू नका. कामासाठीचा योग्य व्हिसा त्यानं घ्यायला हवा. ई-व्हिसावर येणाऱ्या माणसालाही ठरवून दिलेल्या ठिकाणांवरूनच देशात शिरता येतं. मुंबई त्यात आहे. त्याचं तिकीट मुंबईचं काढा आणि पुढे गाडीनं आणा.

तर सप्लायरला असं कळवा. पोर्ट ऑफ डिस्चार्ज न्हावा शेवा, प्लेस ऑफ डिलिव्हरीही न्हावा शेवा. कन्साइनीच्या (माल घेणाऱ्याच्या) चौकटीत तुमच्या आयईसीवर आहे तसंच नाव आणि माळेगावचा पत्ता, खाली आयईसी, जीएसटी नंबर आणि ईमेल. मालाच्या वर्णनात ‘वापरलेलं’ हा शब्द, मॉडेल, सिरियल नंबर आणि वर्ष, जसं नेमप्लेटवर आहे तसं. फ्रेट आणि इन्शुरन्सची बिलं वेगळी मागा. ती नसली तर नियमाप्रमाणे फ्रेट एफओबीच्या (माल जहाजावर चढेपर्यंतच्या किमतीच्या) २० टक्के आणि इन्शुरन्स १.१२५ टक्के धरतात, आणि एवढ्या फ्रेटवर तुम्ही उगाच ड्यूटी भराल. बुकिंग करतानाच मोफत दिवस १४ मागून घ्या. बुकिंगआधी मिळतात, नंतर कोणी देत नाही.

कंटेनर बंद असेल की ओपन टॉप (वरून उघडा), हे मशिनच्या उंचीवर आहे आणि तुम्ही उंची लिहिलेली नाही. तुमच्याकडे डॉक नसणार. बंद कंटेनरमधून पाच-सहा टनांचं मशिन ट्रेलरच्या उंचीवरून ओढून काढणं अवघड आणि धोक्याचं काम आहे. अशा वेळी मी सीएफएसमध्येच मशिन काढून साध्या ट्रकवर चढवते. कंटेनर तिथेच परत जातो, डिटेन्शनचं घड्याळ थांबतं, आणि माळेगावला हायड्रानं (क्रेननं) वरून सरळ उचलता येतं. पॅकिंगसह उंची, वजन, तुमच्या शेडच्या दाराची उंची आणि फाउंडेशन कधी तयार होणार ती तारीख, एवढं इथेच लिहा. त्यावरून कंटेनर कुठला आणि बाँडची गरज आहे का, ते सांगते.